ऐकलेलं चालत नाही

संगीतातल्या एम.ए.चे लघुप्रबंध कधी चाळलेत का? नसतील तर एक वाचा, बाकीचे वाचायला नकोत. पहिलं प्रकरण: नाद म्हणजे काय. आहत, अनाहत. मग बावीस श्रुती, तीव्रा-कुमुद्वतीपासून पुढे, तक्त्यासकट. मग शार्ङ्गदेव. दुसरं प्रकरण घराण्यांचं, तिसरं चरित्रांचं. विषय ठुमरी असो, नाट्यगीत असो की तबल्यातला कायदा, पहिली निम्मी पानं तीच.

शार्ङ्गदेवावर माझा राग नाही हो. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या पदरी हिशेबाचं काम बघणाऱ्या या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, हे मला आजही अद्भुत वाटतं. राग आहे तो त्याला दाराशी तोरणासारखा टांगणाऱ्यांवर. भरताचंही तेच. त्यानं दोन सारख्या वीणा घेतल्या, एकीचे स्वर चार टप्प्यांत उतरवत नेले आणि श्रुती कानाला पटवून दिल्या. म्हणजे चक्क प्रयोग! त्याबद्दल पाच पानं लिहिणाऱ्यानं दोन तंबोरे तरी शेजारी ठेवून पाहिलेत का?

आता माझं सांगते. माझा विषय भूप आणि देशकार. दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तरी रात्रीचा भूप तो भूप आणि सकाळचा देशकार तो देशकार. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला, देशकार बिलावलात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा, एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आणि मध्यम तर या दोन्ही रागांत नाहीच! मग वेगळं केलं कशावरून? गांधारावर थांबणं, धैवतावर थांबणं, उत्तरांगात किती वेळ रमायचं, रिषभाला किती हात लावायचा... हे सगळं कानावरून. म्हणून मी चौथ्या प्रकरणात ध्वनिमुद्रणं घेतली, घड्याळ लावून ऐकली, कुठला गायक कुठल्या स्वरावर किती सेकंद टेकतो ते मांडलं.

सरांनी पेन्सिलनं खूण केली. "हे कुणी म्हटलंय?"

"कुणी नाही सर, मी ऐकलंय."

"अगं, ऐकलेलं चालत नाही. छापलेलं आण."

सर वाईट नाहीत. समितीपुढे त्यांनाच उत्तरं द्यायची असतात. पण संगीताच्या विभागात ऐकलेलं चालत नसेल तर कुठे चालेल, वाणिज्य शाखेत?

गंमत अशी की याच प्रबंधांत पानोपानी भातखंडे असतात. वकिली शिकलेला हा माणूस 1904 साली दक्षिणेत गेला, पुढे गावोगाव हिंडला, उस्तादांसमोर बसून बंदिशी टिपून घेतल्या आणि मग ग्रंथांतलं वर्णन गाण्याशी जुळत नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा ग्रंथ गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत आहे, आणि मराठीत. आज ते हस्तलिखित घेऊन आले असते तर 'संशोधन पद्धती' हे प्रकरण नाही म्हणून परत पाठवले असते. आम्ही त्यांची वाक्यं घेतली, पायपीट तेवढी सोडली.

त्यात 2018 साली यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. नियम चांगलाच आहे, पण आमच्याकडे त्याचा परिणाम काय, तर नादाची तीच व्याख्या शब्द फिरवून लिहायची कसरत. 'ध्वनी'चा 'आवाज' करा, वाक्य उलटं करा, टक्का उतरतो. मजकुरात भर पडते शून्याची.

यावर ठरलेलं उत्तर येतं की कान प्रत्येकाचा वेगळा, पुरावा कसा मानायचा? मला हे उलटं वाटतं. मी मुद्रणाचं नाव, मिनिट आणि सेकंद दिलेत. परीक्षकांनी लावावं, ऐकावं आणि मला खोटं पाडावं. अमक्यानं तमक्याच्या पुस्तकातून उचललेलं मत तपासायला मात्र काही साधनच नाही. आपल्याकडे गौहरजानच्या तबकड्या 1902 सालापासून आहेत. शंभराहून जास्त वर्षांचा आवाज हाताशी असताना आम्ही पुस्तकांची पुस्तकं करतोय!

असो. सध्या तडजोड म्हणून सुचवलं गेलंय की चौथं प्रकरण परिशिष्टात टाकावं आणि त्याच्या जागी 'रागसंकल्पनेचा ऐतिहासिक विकास' घ्यावा. मी नाही म्हणून कळवलंय. नाद आणि श्रुती हवेच असतील तर ते परिशिष्टात जातील. सादर करायची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि सोबत ध्वनिमुद्रणांचा पेन ड्राइव्ह जोडायला परवानगी मागणारा अर्ज कालच दिलाय. त्यावर अजून सही झालेली नाही.