पहिली सायकल घेताय? आधी आपला रस्ता बघा



जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. परदेशातले सायकलपटू आपल्या पुणे जिल्ह्यात येऊन मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती पालथं घालून गेले. रूमवरची पोरं मोबाईलवर ते बघत होती. तेव्हापासून कारेगावात मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंय, "दादा, पहिली रोड बाईक कोणती घेऊ? ड्युटीला पण होईल आणि पोट पण आत जाईल."

प्रत्येकाला चहाच्या टपरीवर सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. जरा मोठं आहे, पण वाचा.

आधी माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी मी पण असाच पेटलो होतो. पुण्यातून एक जुनी, वाकड्या हँडलची, बारीक टायरची रेसिंग सायकल आणली. टायर २३ एमएमचे, म्हणजे बोटापेक्षा थोडे जाड. गाडी हलकी, पळायची पण भारी. माझ्या रूमपासून कंपनी साडेचार किलोमीटर, पंधरा मिनिटांत गेटवर. दोन आठवडे मी हवेतच होतो.

तिसऱ्या आठवड्यात सेकंड शिफ्ट करून रात्री परत येत होतो. मागून कंटेनरचा हॉर्न आला. मी सायकल डावीकडे दाबली. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात चार बोटांचा फरक होता, अंधारात दिसला नाही. चाक खाली उतरलं आणि मी आडवा. कंटेनर थांबला पण नाही, त्याला कदाचित कळलंही नसेल. मनगटाला तीन आठवडे प्लास्टर आणि तेवढे दिवस बिनपगारी. आई गावाकडून फोनवर एकच म्हणाली, "विक ती."

मी विकली. पण सायकल सोडली नाही, बदलली. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

सायकल शर्यत बघून घेऊ नका, आपला रस्ता बघून घ्या. शर्यतीच्या मार्गावरचा रस्ता गुळगुळीत करून देतात आणि शर्यत चालू असताना वाहतूक बंद ठेवतात. आपल्याला यातलं काही मिळणार नाही. आपल्याकडे एमआयडीसीचे कंटेनर, कंपनीच्या बसेस, उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि वर बाभळीचे काटे. शेजारच्या गावाचं नावच बाभुळसर आहे, यावरून समजून घ्या.

म्हणून पहिली सायकल सरळ हँडलची, हायब्रिड म्हणतात ती घ्या. टायर ३५ ते ४० एमएम. रोड बाईकच हवी असा हट्ट असेल तर निदान ३२ चा टायर बसेल अशी फ्रेम बघा. पुढच्या शॉकअपच्या नादी लागू नका. स्वस्त शॉकअप वजन वाढवतो आणि पेडलला मारलेला जोर खातो. आपला भाग सपाट आहे, २१ गियर लागत नाहीत, सात-आठ पुरतात. ब्रेक डिस्क असेल तर पावसाळ्यात बरं. फ्रेमची साइज आपल्या उंचीची घ्या. सायकलवर उभं राहिल्यावर मधला दांडा आणि आपण यांच्यात दोन बोटं जागा पाहिजे. ऑफर आहे म्हणून मोठी साइज उचलली की सहा महिन्यांत पाठ बोलायला लागते.

बजेट १५-२० हजार असेल तर सगळे पैसे सायकलीवर उडवू नका. दोन-अडीच हजार बाजूला ठेवा. मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, हेल्मेट, मडगार्ड, एक जास्तीची ट्यूब आणि छोटा पंप. नवीन सायकलला रिफ्लेक्टर लागून येतात, ते "लूक बिघडतो" म्हणून काढणारे महाभाग मी बघितलेत. काढू नका. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तेवढ्या वाचलेल्या पैशात दिवा सहज येतो.

फिटनेसचं म्हणाल तर रोजचे जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर पुरेसे आहेत, नियम पाहिजे. सुट्टीच्या दिवशी पहाटे रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेऊन या. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, तो हिशोब तुम्हीच करा.

इथपर्यंत सायकलचं झालं. आता खरं बोलायचं ते.

त्या रात्री टायर जाड असता तर मी कदाचित पडलो नसतो. पण कंटेनर तिथेच असता, अंधार तिथेच असता आणि साइडपट्टीचा खड्डाही. आपण कितीही महाग सायकल घेतली तरी ती चालवायला जागा पाहिजे की नाही?

कोणी म्हणेल, सायकलवाले आहेत किती? सकाळी सहाला एमआयडीसीच्या रस्त्यावर उभं राहा. सिक्युरिटीवाले काका, कँटीनमधली पोरं, कॉन्ट्रॅक्टवरचे कामगार, जुन्या काळ्या सायकलवर, हँडलला डबा अडकवून चाललेले दिसतील. त्यांना कोणी सायकलपटू म्हणत नाही. ते फिटनेससाठी चालवत नाहीत, त्यांना दुसरा पर्याय नाही. आपण तरी हौसेनं चालवणार, उद्या वाटलं तर सोडून देऊ. ते सोडू शकत नाहीत.

पुणे ते शिरूर उन्नत मार्गाची चर्चा आपण सगळे ऐकतोय. गाड्या वरून जातील, चांगलंच आहे. पण खालच्या रस्त्यावर सायकलसाठी पट्टा असणार का, हे आत्ताच विचारायला हवं. रस्ता झाल्यावर विचारून उपयोग नसतो. सायकल ट्रॅक कसा असावा याची इंडियन रोड काँग्रेसची वेगळी संहिताच आहे, आयआरसी ११. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

आणि उन्नत मार्गाची वाट बघेपर्यंत तीन साध्या गोष्टी होऊ शकतात. साइडपट्टी डांबराच्या पातळीला भरणे. कारेगाव ते एमआयडीसी दिवे लावणे आणि ते चालू ठेवणे. कंपन्यांच्या गेटजवळ सायकलला छप्पर असलेला स्टँड. कंपन्या सीएसआरमधून बरंच काही करतात, त्यात एक स्टँड जड नाही.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, या तारखांना ग्रामसभा असते. येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. रूमवर राहणाऱ्या पोरांचं मतदान इथे नाही, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नाही. गाववाल्यांनी, तुम्ही तरी उभं राहून दोन शब्द बोला. भाडेकरू तुमचेच आहेत.

सायकल घेणाऱ्यांना शेवटचं एकच. पहिल्याच दिवशी मागचा लाल दिवा लावा. आणि जमलं तर अजून एक घेऊन रोज रस्त्यात भेटणाऱ्या त्या काळ्या सायकलवाल्या काकांना द्या.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. सायकल बघायला सोबत पाहिजे असेल तर सांगा, रविवारी सुट्टी असते, येतो.