दुसऱ्या भाषेच्या रकान्यातली आयटी

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीची असते. दुसऱ्या भाषेच्या जागी मात्र अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत मराठी, हिंदी, जर्मन यांच्या रांगेत माहिती तंत्रज्ञानही, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडची ‘आयटी’, घेता येते. २०० गुणांचा द्विलक्ष्यी संगणकशास्त्र विषय घेणाऱ्याची तर दुसरी भाषा सुटतेच. २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली ती दहावीपर्यंत. पुढे प्रवेश अर्जावर तिची गाठ पीएचपी-जावास्क्रिप्टशी पडते. फ्लोरिडाच्या सिनेटने २०१६ मध्ये प्रोग्रॅमिंगला परकीय भाषेचे श्रेय देणारे विधेयक मंजूर केले, पण ते प्रतिनिधीगृहात अडले. इथे अशी अदलाबदल कधीच रूढ झाली आहे.

प्रोग्रॅमिंगलाही शब्द आणि व्याकरण असते, असे समर्थक म्हणतात. व्याकरण असते, आणि भलतेच काटेकोर असते. पाणिनीची सूत्रे आणि संगणकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या व्याकरणासाठी मांडलेली संकेतपद्धती यांतले साम्य अभ्यासकांनी दाखवलेले आहे. पण पाणिनीने लोकांच्या तोंडी असलेल्या भाषेतून नियम काढले; पायथनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आधी नियम ठरले. तिचे राखीव शब्द जेमतेम ३५, तेही इफ, व्हाइल, रिटर्न असे इंग्रजी. मग दुसरी भाषा शिकली कोणती? शिवाय प्रोग्रॅममधल्या आज्ञेचा अर्थ एकच निघावा लागतो. उलट, शिरूर तालुक्यातल्या केंदूरच्या ग्रामसभेत पाण्यावरून आलेला प्रश्न विनंती आहे की टोमणा, हे ऐकणाऱ्याला ओळखावे लागते. त्याच गावचे संत कान्होराज पाठक यांच्या अभंगांचा अर्थ लावायलाही असाच कान लागतो.

प्रोग्रॅमिंगने रोजगार मिळतो, हा मुद्दा खरा आहे, पण गैरलागू. हिशेबलेखनही पोटाला लावते. त्याला कोणी भाषा म्हणत नाही.

आयटीकडे ओढा असण्याचे खरे कारण बहुधा गुणांत आहे. तिची परीक्षा संगणकावर होते, प्रात्यक्षिकाची जोड असते. मराठीत पाठ केलेली उत्तरे लिहून हात दुखतो. हा दोष मराठीच्या अध्यापनाचा, आणि तो मान्य केला पाहिजे. बारावीच्या ‘युवकभारती’त मुलाखत, अहवाल, माहितीपत्रक असे उपयोजित मराठी आले आहे, ते नीट शिकवले, तर तक्रारीची धार बरीच बोथट होईल.

प्रोग्रॅमिंगची जागा गणिताशेजारी किंवा कौशल्य विषयांत आहे. केंदूरजवळच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करत शिकण्याचा तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्वव्यावसायिक विषय म्हणून शाळांत गेला. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळाही आली. तंत्रज्ञानाला प्रतिष्ठा मिळवायला भाषेची झूल लागली नाही.

विषय वाढतील, हा आक्षेप उरतो. पण पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा ५० गुणांचा विषय अकरावी-बारावीला सक्तीचा करताना कोणत्याही भाषेला उठवावे लागले नाही. प्रोग्रॅमिंगलाही तसाच स्वतंत्र रकाना देता येईल.