शास्त्रीजींचा प्रश्न पिक्चरने वाया घालवला

आज ११ जानेवारी, लालबहादूर शास्त्रींची पुण्यतिथी. सकाळपासून व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपवर एकच क्लिप फिरतेय, 'द ताश्कंद फाईल्स'मधली. त्याखाली गावातल्याच एका पोराने मला विचारलंय, "दादा, तुम्ही पत्रकारांनी हे इतकी वर्षं का लपवलं?"

टोमणा मला आहे, म्हणून उत्तरही मीच देतो.

पिक्चर मी २०१९ ला ऐन लोकसभेच्या धामधुमीत लागला तेव्हाच पाहिला होता. आज दुपारी बातम्या बाजूला ठेवून परत बघितला. नसीरुद्दीन शाह, मिथुन, पंकज त्रिपाठी, पल्लवी जोशी. एवढी तगडी माणसं हाताशी, आणि त्यांना केलं काय, तर एका टेबलाभोवती बसवून भांडायला लावलं. ग्रामसभेतसुद्धा कधीतरी कोणीतरी मुद्द्यावर येतं हो! इथे एकमेकांची लायकी काढण्यातच निम्मा वेळ जातो. (याच्याच संवादांना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पल्लवी जोशींनाही मिळाला, त्यांचं एक वेळ समजू शकतो.)

बजेट कमी होतं म्हणाल, तर बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' बघा. तिथेही एकच खोली आणि बारा माणसं. पण एकेक पुरावा टेबलावर येतो. चाकू येतो, म्हाताऱ्या साक्षीदाराला दारापर्यंत यायला किती वेळ लागला ते चालून मोजलं जातं. बघणारा पैसे विसरतो.

आणि यातली पत्रकार! वाढदिवसाला अनोळखी माणसाचा फोन येतो आणि स्कूप हातात. इथे एका रस्त्याच्या बिलाची झेरॉक्स मिळवायला मला दोन अपिलं करावी लागली.

आता 'लपवलं' म्हणजे काय ते बघू. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर शास्त्रीजी गेले. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून त्या दौऱ्यात होते. पत्रकार कुलदीप नय्यरही ताश्कंदमध्येच होते, आणि त्या रात्रीबद्दल त्यांनी पुढे लिहिलंसुद्धा. ललिताबाईंनी उघड संशय घेतला, तोही छापून आला. म्हणजे संशय कोणी दडवला नाही.

शास्त्रीजींना हृदयविकार आधीपासून होता. १९६४ ला पंतप्रधान झाल्यावर लगेच झटका येऊन गेला होता. त्यामुळे मला स्वतःला तेच कारण जास्त पटतं. पण देशाचा पंतप्रधान परदेशात अचानक जातो आणि शवविच्छेदन होत नाही, ना तिकडे ना इकडे, हे मला कधीच पटलेलं नाही. २००९ मध्ये माहिती अधिकारात विचारणा झाली, तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने सांगितलं की आमच्याकडे याबाबत एक कागद आहे, पण परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून देता येणार नाही.

त्या एका कागदावर अख्खा पिक्चर उभा राहिला असता, राव. तो का देत नाहीत, नकार लिहिणारा अधिकारी काय विचार करतो, अर्ज करणारा कुठल्या खिडक्या फिरतो. थ्रिलर यापेक्षा वेगळा काय असतो? त्याऐवजी आरडाओरडा. परिणाम असा की निम्म्या लोकांना वाटतं उत्तर मिळालं, आणि उरलेल्या निम्म्यांना हा प्रश्न विचारणाराच खुळा वाटतो. शास्त्रीजींच्या घरच्यांच्या हातात मात्र काहीच आलं नाही.

त्या पोराला मी एवढंच लिहिलं, "दहा रुपयांची फी भरून तूच अर्ज कर. मसुदा मी लिहून देतो."

त्याचा रिप्लाय आला, "किती दिवसांत उत्तर येतं, दादा?"

म्हटलं, कायद्यात तीस दिवस.

संध्याकाळी त्याच ग्रुपवर त्याने क्लिपचा दुसरा भाग टाकलाय.