पर्यावरणाचा पेपर, काशीदची वाळू

थंडी पडली की काशीदच्या किनाऱ्यावर कॉलेजांच्या सहली येऊ लागतात. दिवस मजेत जातो. संध्याकाळी सुरूच्या बनात प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे मागे राहतात. ती टाकणाऱ्यांनी पर्यावरणाचा पेपर दिलेला असतो, हे विशेष!

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही आला. पण अनेक ठिकाणी तो गुणांपुरताच उरला. प्रकल्प एकमेकांच्या वह्यांतून उतरवले जातात.

वास्तविक काशीदसारखी प्रयोगशाळा शोधून सापडायची नाही. मागे डोंगरात फणसाड अभयारण्य. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान, १९८६ पासून संरक्षित. समोर समुद्र. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने याच किनारपट्टीवरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. मोडलेली वाडी पुन्हा उभी राहायला किती वर्षे लागतात, हे पुस्तकापेक्षा इथला बागायतदार नीट सांगेल.

सूचना साधी आहे. सहलीला आलेल्या वर्गाने आपला कचरा वेगळा करावा, मोजावा, बसमधून परत न्यावा. त्या नोंदींवरच प्रकल्पाचे गुण द्यावेत. मग कॉलेजच्या आवारात कँटीनमधले उष्टे, वसतिगृहाचे वीजबिल, गळते नळ यांचा हिशेब विद्यार्थ्यांनी मांडावा आणि प्राचार्यांनी त्यावर निर्णय घ्यावा. किनारा झाडून फोटो काढणे सोपे. सवय मोडणे अवघड. या विषयाचा निकाल गुणपत्रिकेत नव्हे, बस निघून गेल्यावरच्या वाळूत दिसतो.