म्हशी गेल्या आणि पाणी झाकले गेले

निसर्ग वाचवायचा तर प्रथम माणसाला आणि त्याच्या गुराढोरांना तेथून बाहेर काढले पाहिजे, ही समजूत आपल्या वनप्रशासनात इतकी रुजली आहे की, तिची शहानिशा करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. काही ठिकाणी ती खरी ठरली, काही ठिकाणी तिने घात केला. कोठे खरी ठरेल आणि कोठे नाही, हे सांगण्याचे काम ज्या शास्त्राचे, त्याचा सल्ला मात्र आपण बहुधा निर्णय होऊन गेल्यावर घेतो. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे याचे बोलके उदाहरण आहे. चार दशके उलटूनही त्याचा बोध आपल्या कायद्यात उतरलेला नाही, म्हणून त्याची उजळणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

१८६६ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने या शास्त्राला नाव दिले, ते ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. घरात कोण राहते एवढे जाणून घर समजत नाही. कोण काय शिजवते, कोण काय खाते, पाणी कोण भरते आणि उष्टे-खरकटे कोण काढते, हेही ठाऊक असावे लागते. पारिस्थितिकीचा मूळ विषय हाच आहे. वनस्पती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात, तृणभक्षी ते खातात, मांसभक्षी त्यांच्यावर जगतात आणि या सर्वांचे अवशेष सूक्ष्मजीव मातीला परत देतात. या साखळीला माती, पाणी, उष्णता यांसारख्या निर्जीव घटकांची जोड देऊन आर्थर टान्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ‘परिसंस्था’ ही संकल्पना मांडली. माणसाच्या वावराने घडलेली भूदृश्येही या अभ्यासाच्या कक्षेत आली पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. आपण संकल्पना उचलली. हा आग्रह मात्र मागे राहिला.

केवलादेवचे पाणथळ मुळातच माणसाने घडवलेले आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराला आवर घालण्यासाठी भरतपूरच्या जाट राज्यकर्त्यांनी अठराव्या शतकात अजान बांध उभारला. पुढे त्या पाण्याचे पाट आणि बांध यांच्या साहाय्याने नियमन करून संस्थानाने तेथे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र तयार केले. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद आहे. १९५६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले. राजघराण्याचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत टिकून होता. १९८१ मध्ये हे पाणथळ रामसर यादीत आले आणि १९८५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या या भूमीवर हिवाळ्यात मध्य आशिया व सायबेरियातून हजारो पक्षी उतरतात.

या सर्व काळात आणखी एक घटक तेथे होता, ज्याची नोंद कोणत्याही शिलालेखावर नाही. भोवतालच्या गावांतील म्हशी पाण्यात उतरून चरत असत. गावकरी गवत कापून नेत, वाळ्याची मुळे खणून विकत. पावसाळ्यात पाणी भरले की गवत वाढायचे. म्हशी ते खायच्या, पायांखाली तुडवायच्या आणि त्यांचे शेण पाण्यातील सूक्ष्मजीवांना व पर्यायाने कीटकांना-माशांना पोसायचे. पाण्याचा पृष्ठभाग जागोजाग मोकळा राहायचा. पाहणाऱ्याला ही राष्ट्रीय संपत्तीत झालेली गुरांची घुसखोरी वाटे. वस्तुतः ते त्या परिसंस्थेचे चालते-फिरते यंत्र होते.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळताच चराई बंद झाली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरांना चरू देताच येत नाही. त्यात अधिकाऱ्याला तारतम्याची जागा नाही. त्या काळातील जाणकारांचे मतही बहुतांशी बंदीच्या बाजूनेच होते. पिढ्यान्पिढ्यांची चराई पर्यायी व्यवस्थेविना एकाएकी थांबल्याने गावकरी उद्यानाच्या भिंतीपाशी जमले, चकमकी झाल्या, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही ग्रामस्थांचे प्राण गेले. ज्या भूमीवर दहा वर्षांपूर्वीपर्यंत राजघराण्याला बंदुकीचा हक्क होता, तेथे गवळ्याच्या म्हशीला मज्जाव करण्यासाठी गोळी चालावी, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारा विरोधाभास आहे.

निसर्गाने आपला निकाल थोड्याच वर्षांत दिला. पाणी आणि जमीन या दोन्हींवर वाढणारे ‘पास्पालम’ जातीचे गवत, ज्याला म्हशींनी आवर घातला होता, ते झपाट्याने पसरले. पाण्यावर त्याचा दाट गालिचा तयार झाला. मोकळे पाणी आक्रसले, तशी बदकांची जागा आक्रसली. कुजणाऱ्या गवताने पाण्यातील प्राणवायू ओढून घेतला, त्याचा फटका माशांना आणि माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांना बसला. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतामुळे वणव्याचे भय वाढले. शेवटी हे गवत खरवडून काढण्यासाठी बुलडोझर लावून पाहण्यात आले. जे काम म्हशी फुकट करत होत्या आणि वर दूधही देत होत्या, ते काम सरकारी खर्चाने, इंधन जाळून करण्याची पाळी आली.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने याच उद्यानात सुमारे दशकभर दीर्घ अभ्यास चालवला. बंदीआधीची आणि बंदीनंतरची स्थिती त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवून पाहता आली. चराई हा या पाणथळाचा शत्रू नसून त्याच्या घडणीचा भाग आहे आणि म्हशींना मर्यादित प्रमाणात परत येऊ द्यावे, असे त्याच्या निष्कर्षांचे तात्पर्य होते. कायदा आड आला. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. विलायती बाभळीने उद्यान व्यापले तेव्हा ती उपटून लाकूड घरी न्या, असेही त्यांना सांगण्यात आले. बाहेर हुसकावलेल्यांनाच सेवेसाठी पुन्हा बोलवावे लागले.

सायबेरियन क्रौंचांची कहाणी याच्याशी घाईने जोडू नये. १९६०च्या दशकात येथे सुमारे २०० क्रौंच येत. २००२ नंतर ते येईनासे झाले. त्यामागे स्थलांतराच्या मार्गावरील शिकार आणि मधल्या पाणथळांचा ऱ्हास ही मोठी कारणे होती. एका घटनेला एकच कारण चिकटवणे ही इतिहासात चूक असते, तशी पारिस्थितिकीतही.

म्हणूनच ‘चराई सर्वत्र खुली करा’ हा निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल. मध्य प्रदेशातील कान्हा येथे १९७० च्या सुमारास बारशिंग्यांची संख्या ६६ पर्यंत घसरली होती. तेथील कुरणांवरून गावे व गुरे हलली, गवत उंच वाढले आणि त्या गवतात पाडसे लपवणारे बारशिंगे पुन्हा वाढले. उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये मात्र १९८०च्या दशकात चराई थांबल्यावर एका उंच, दाट तणाच्या फैलावामुळे नाजूक फुलझाडांवर संकट आल्याची चर्चा दीर्घकाळ चालली. हुकूम एकच, परिणाम तीन तऱ्हांचे. कारण तिन्ही ठिकाणची पाने, पाणी आणि प्राणी यांचे नाते वेगवेगळे आहे.

प्रशासनाला एकसारखे नियम प्रिय असतात, कारण ते राबवायला सोपे आणि न्यायालयात टिकायला सोयीचे असतात. प्रत्येक ठिकाणी सवलत दिली तर स्थानिक दबावाला दार उघडेल, ही भीतीही अनाठायी नाही. गुरांच्या संख्येवर राजकारण कसे चालते, हे जिल्हा पातळीवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. पण त्यावरचा उपाय सरसकट बंदी हा नव्हे. राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना निघण्यापूर्वी तेथे माणूस आणि गुरे नेमकी कोणती भूमिका बजावतात, याचा किमान काही ऋतूंचा अभ्यास सक्तीचा करता येईल. उद्यानात काही तुकडे चराईसाठी खुले आणि काही कुंपणाने बंद ठेवून फरक मोजता येईल. अभ्यास अनुकूल असेल तेथे ठरावीक संख्येला, ठरावीक महिन्यांपुरती, परवान्याने चराई देण्याची तरतूद कलम ३५ मध्ये करता येईल. अभयारण्यांत चराईचे नियमन करण्यास आजही कायद्याची हरकत नाही. मग उद्यानांतच शास्त्राला मज्जाव कशासाठी?

केवलादेवने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर त्या पाण्यावर वरच्या भागातील शेतकऱ्यांनी हक्क सांगितला आणि उद्यान अनेक हंगाम तहानलेले राहिले. भिंत बांधली, पहारे बसवले, गुरे हटवली. पण ज्या पाण्यावर सारे उभे होते, ते भिंतीबाहेरच्या खोऱ्यातून येत होते. त्यानंतर चंबळ आणि गोवर्धन नाल्याचे पाणी दुरून आणण्याची खटपट करावी लागली.

उद्यानाची हद्द नकाशावर आखता येते, नात्यांची आखता येत नाही. पुढचे राष्ट्रीय उद्यान जाहीर करताना मंत्रालयाच्या टेबलावर त्या भूमीचा नकाशा असेलच. त्याच्याबरोबर तेथे कोण काय खाते, पाणी कोठून येते आणि कोणाचे पोट त्यावर अवलंबून आहे, याचा कागदही असावा आणि सही त्यानंतर व्हावी. भरतपूरच्या गावांनी या कागदाच्या अभावाची किंमत प्राणांनी चुकवली आहे.