प्रश्न विचारणाऱ्याच्या पाठीशी

वाचकहो, मुसलमान समाजातील चिकित्सक विचार आणि शिक्षण या विषयावर आमच्या पाक्षिकाने अग्रलेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. आपल्या घरातले प्रश्न कमी आहेत काय, दुसऱ्याच्या दारात कशाला डोकवावे, असेही कोणी म्हणेल. त्यांना आमचे पहिले उत्तर एका नावात आहे. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात हमीद दलवाई आणि त्यांचे सहकारी यांनी जी संस्था स्थापन केली, तिचे नाव त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ असे ठेवले. बगदाद वा कैरोहून नाव न आणता त्यांनी ते पुण्याच्या मातीतून, महात्मा जोतीराव फुले यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजातून घेतले. ज्यांनी आपले गोत्र जोतीरावांशी जोडले ते आम्हाला परके कसे?

दुसरे उत्तर ऋणाचे आहे. बाल जोतीरावांना त्यांच्या वडिलांनी लोकांच्या सांगण्यावरून शाळेतून काढले, तेव्हा त्यांना पुन्हा शाळेत घालावे म्हणून गोविंदरावांचे मन वळविणाऱ्यांत लिजिट साहेबांबरोबर गफार बेग मुन्शी हे उर्दू-फारसीचे शिक्षक होते. एका मुसलमान शिक्षकाने एका माळ्याच्या मुलाची बुद्धी ओळखली नसती, तर या महाराष्ट्रात प्रश्न विचारण्याची परंपरा किती काळ खोळंबली असती, कोण जाणे! आज मुसलमान मुलामुलींच्या शिक्षणाविषयी आम्ही बोलतो ते उपदेशकाच्या आसनावरून नव्हे. ऋणको म्हणून बोलतो.

मुसलमान समाजात प्रश्न विचारणारे निपजतच नाहीत, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर सात मुसलमान स्त्रियांनी मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान कायदा द्या, ही त्यांची मागणी. सात हा आकडा ऐकून हसणारे त्या दिवशीही असतील. परंतु महाडच्या तळ्याची वाट चालण्यास हजारो पावले निघाली ती १९२७ साली. त्यापूर्वी कितीतरी वर्षे एकट्यादुकट्याने अपमान गिळत हाच प्रश्न मनात विचारला होता. चळवळीचे मोल पहिल्या दिवशीच्या गर्दीवरून ठरत नसते. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या दलवाईंनी अवघ्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात विरोध, धमक्या आणि निंदा सोसल्या. ३ मे १९७७ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या सर्व मतांशी कोणी सहमत असो वा नसो. आपला विचार त्यांनी अखेरच्या क्षणापर्यंत आचरला, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

दलवाईंच्या पूर्वीचा इतिहासही हेच सांगतो. बसऱ्यास जन्मलेल्या इब्न अल्-हैथमने दहाव्या-अकराव्या शतकांत प्रकाशाचा अभ्यास प्रयोगाच्या आधारे केला आणि टॉलेमीसारख्या सर्वमान्य आचार्याच्या ग्रंथांवर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कॉर्डोव्ह्याचा काझी इब्न रुश्द याने बाराव्या शतकात बुद्धी आणि श्रद्धा यांत वैर नाही, असे प्रतिपादन केले; त्याबद्दल म्हातारपणी त्याला हद्दपारी भोगावी लागली आणि त्याचे ग्रंथ जाळण्यात आले. परंतु याच इतिहासातील आणखी एक घटना बुद्धिवाद्यांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे. इ. स. ८३३ मध्ये बगदादच्या खलिफा अल्-मामूनने बुद्धिवादी पंथाचे एक मत काझी-मौलवींवर राजसत्तेच्या बळाने लादण्यास आरंभ केला. ज्यांनी नकार दिला त्यांना तुरुंग आणि फटके मिळाले. परिणाम काय झाला? फटके खाणारे अहमद इब्न हन्बल लोकांच्या दृष्टीने वीर ठरले, आणि बुद्धिवाद सरकारी जुलमाचा सोबती म्हणून बदनाम झाला. विचाराच्या हाती चाबूक दिला की विचारच मरतो, हा या घटनेचा धडा आहे. तो आज आपल्या देशातही फार उपयोगाचा आहे.

आता शिक्षणाकडे वळू. मदरसा म्हणजे केवळ घोकंपट्टी, असे सरसकट म्हणणारेही इतिहास पाहत नाहीत. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांनी घालून दिलेल्या, ‘दर्से निजामी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांना मोठे स्थान होते. त्या काळच्या राज्यकारभाराला लागणारी माणसे त्यातून तयार होत. पुढे जग बदलले, पण ग्रंथ आणि त्यांवरील टीका त्याच राहिल्या. तर्कशास्त्रसुद्धा पाठ करण्याची वस्तू झाली. वाद करण्यासाठी निर्माण झालेली विद्या वाद मिटविण्यासाठी वापरली जाऊ लागली, हे खरे दुर्दैव होय. सर सय्यद अहमद खान यांनी हे ओळखले आणि १८७५ साली अलीगढला आधुनिक विद्येची शाळा काढली. त्याबद्दल त्यांच्यावर धर्मद्रोहाचे फतवे निघाले.

परंतु सारा दोष मदरशाच्या माथी मारून मोकळे होण्याची सोयही आपल्याला नाही. न्यायमूर्ती सच्चर समितीचा २००६ सालचा अहवाल सांगतो की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी सुमारे तीन ते चार टक्केच मुले मदरशात शिकत होती. त्याच अहवालानुसार सहा ते चौदा या वयोगटातील सुमारे पंचवीस टक्के मुसलमान मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा शाळा सोडून बसली होती. वाचकहो, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ज्या मुलाच्या हाती पाटीच आली नाही, त्याच्या चिकित्सक बुद्धीविषयी परिसंवाद भरविणे ही क्रूर थट्टा आहे. आधी शाळा दारात आली पाहिजे, शिक्षक वर्गात आला पाहिजे, मुलगी सातवीनंतर घरी बसता कामा नये. आणि मग त्या शाळेत, ती उर्दू असो, मराठी असो वा मदरसा असो, ‘असे का?’ म्हणणाऱ्या मुलाला छडी न मिळता उत्तर मिळाले पाहिजे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील मदरसा शिक्षण कायदा, उच्च पदव्यांविषयीची तरतूद वगळून, वैध ठरविला आणि त्याचबरोबर शिक्षणाचा दर्जा राखण्याकरिता नियमन करण्याचा राज्याचा अधिकारही मान्य केला. आपली संस्था चालविण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क आणि चांगले शिक्षण मिळण्याचा मुलाचा हक्क एकत्र नांदू शकतात, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

मग हा समाज प्रश्नांना दार का लावतो? याचे निदान परमपूज्य बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानविषयक आपल्या ग्रंथात करून ठेवले आहे. मुसलमान समाजातील पडदा, बहुपत्नीत्व, जातिभेद यांवर त्यांनी जराही आडपडदा न ठेवता टीका केली. पण ते तेथेच थांबले नाहीत. सुधारणेची वृत्ती का दिसत नाही, याचे कारण त्यांनी शोधले. बहुसंख्य हिंदू परिसर आपल्याला हळूहळू गिळून टाकील, आपले स्वत्व नष्ट करील, या धास्तीने हिंदी मुसलमान जे जे इस्लामी म्हणून ओळखले जाते ते हितकारक की अहितकारक हे न पाहता कवटाळून बसतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. भय हे चिकित्सेचे पहिले शत्रू होय. वेढा पडलेल्या किल्ल्यात कोणी तटाच्या दुरुस्तीची चर्चा करीत नाही. जो करील तो फितूर ठरतो.

इंदूरच्या शाहबानो यांची कथा या निदानाची साक्ष आहे. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर वकील नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या आणि पुढे तलाक दिलेल्या या वृद्धेला उच्च न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी होती दरमहा १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला, आणि एवढ्या रकमेवरून ‘धर्म बुडाला’ अशी हाकाटी देशभर झाली. अखेर त्या बाईंनी स्वतःच्याच बाजूचा निकाल नाकारला, आणि १९८६ साली संसदेने पुढाऱ्यांच्या मर्जीचा कायदा केला. समाजाचे भय पुढाऱ्यांच्या कामी आले. बाईच्या हाती काय आले? तरीही प्रश्न विचारणाऱ्या स्त्रिया थांबल्या नाहीत. २००१ च्या निकालाने त्या कायद्यातूनच पोटगीचा न्याय्य अर्थ निघाला. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना जाण्याचा हक्क दिला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिला जाणारा तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. या साऱ्या लढ्यांत पुढे होत्या त्या मुसलमान स्त्रियाच.

जातीचा प्रश्नही असाच आहे. बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात १९०१ च्या खानेसुमारीच्या आधारे बंगालमधील अशराफ, अजलाफ आणि अरजल हे भेद दाखविले होते. आज ‘पसमांदा’ म्हणवून घेणारे विणकर, खाटीक, मेहतर वर्गांतील मुसलमान विचारतात की मशिदीच्या रांगेत समता असेल, तर सोयरिकीत आणि पुढारीपणात ती का नाही? हा आमच्याच ओळखीचा प्रश्न आहे. धर्मांतराने माणसाची जात गळून पडते की त्याच्या पाठीस लागून येते, हे आमच्या इतके कोणाला कळते? १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, परंतु मुसलमान आणि ख्रिस्ती दलितांना ते दार उघडले नाही. आम्हाला चौतीस वर्षे ज्या दाराबाहेर उभे केले, त्याच दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे आम्ही पाठ फिरविणार काय?

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट करतो. मुसलमानांच्या रूढींवर टीका करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सुधारक समजत नाही. ज्याला मुसलमान स्त्रीच्या तलाकचे दुःख होते, पण तिचे घर पाडले जाताना होत नाही. जो मदरशाची चौकशी मागतो, पण मोहल्ल्यातील शाळेला शिक्षक मागत नाही. त्याच्या टीकेमागे करुणा नाही, द्वेष आहे. अशी टीका भय वाढविते, भय मौलवीची सत्ता वाढविते, आणि त्या दोहोंच्या कात्रीत प्रश्न विचारणारी मुलगी सापडते. उलट, द्वेष्ट्यांच्या हाती कोलीत नको म्हणून आज गप्प बसा, असे तिला सांगणारे पुरोगामीही तिचे मित्र नव्हेत. ‘आधी स्वराज्य, मग सुधारणा’ हा उपदेश अस्पृश्यांना फार ऐकविला गेला होता. त्याची चव आम्हाला ठाऊक आहे. नागरिक म्हणून तिला पूर्ण संरक्षण आणि विचारक म्हणून पूर्ण स्वातंत्र्य, या दोन्ही मागण्या एकाच श्वासात केल्या पाहिजेत.

आणि धम्मबांधवांनो, हे सांगताना आरसा आपल्याकडेही वळवू या. तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना परंपरेवर, ग्रंथावर किंवा आचार्याच्या अधिकारावर विसंबून न राहता स्वतः पारखून घेण्यास सांगितले. बाबासाहेबांनी औरंगाबादेस १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव लाभले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी भंडावून सोडणारा राजा. आमच्या विहारांत आज किती मुले मिलिंदासारखे विचारतात, आणि किती केवळ गाथा पाठ म्हणतात? बाबासाहेबांच्या एखाद्या मतावर कोणी अभ्यासपूर्वक शंका घेतली, तर आपण ग्रंथ उघडतो की बाह्या सावरतो? ज्याचे स्वतःचे विहार प्रश्नांना बंद आहे, त्याने मशिदीचे दार ठोठावू नये.

म्हणून वाचकांना आमची विनंती साधी आहे. आपल्या वस्तीशेजारच्या मोहल्ल्यात शाळा आहे काय, मुली दहावीपर्यंत जातात काय, हे पाहा. विहारातील अभ्यासिकेचे दार त्या मुलांनाही उघडे ठेवा. त्या समाजातील कोणी पुरुष वा स्त्री विवेकाचा प्रश्न विचारीत असेल आणि त्यापायी एकटी पडली असेल, तर तिच्या पुढे जाऊन भाषण करू नका, तिच्या पाठीशी उभे राहा. आणि उद्या तिचा मोहल्लाच कोणी पेटवायला आला, तर तिच्या पुढे उभे राहा.

गफार बेग मुन्शींचे ऋण फेडण्याची याहून योग्य रीत आम्हाला ठाऊक नाही.

जय भीम!