बढती नावाची बदली

बास्केटबॉलशी माझा संबंध आयुष्यात एकदाच आला. शाळेत मी उंच होतो म्हणून सरांनी मला संघात घेतलं आणि नुसत्या उंचीवर भागत नाही हे दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात आल्यावर बाकावर बसवलं. पुढे मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि चेंडूऐवजी लोकांचे चेक बाउन्स होताना बघू लागलो. तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोचने धंदेवाईक संघाकडे जावं की जाऊ नये, यावर मत द्यायचा तुम्हांला अधिकार काय, असं कुणी विचारील. त्याला माझं उत्तर तयार आहे. वाद बढतीचा आहे, आणि बढती नाकारण्याच्या क्षेत्रात माझा दांडगा अनुभव आहे. मी ती दोनदा नाकारलेली आहे.

त्याचं असं झालं. २०२४ च्या जूनमध्ये माझ्या भाच्याचा फोन आला. तो कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डला, एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. "मामा, आमचा कोच चालला!" आवाज असा, की मला वाटलं घरातलंच कुणी गेलं. मी विचारलं, "कुठे चालला?" तर म्हणे लॉस एंजेलिसला. एवढ्यावरून कुणी रडतं का? आमच्याकडे लोक गडचिरोलीला बदली झाली तरी पेढे वाटतात. निदान वाटल्यासारखं करतात.

मग सगळा उलगडा झाला. डॅन हर्ली नावाचा हा कोच कनेक्टिकट विद्यापीठाचा. विद्यापीठ आहे स्टॉर्स नावाच्या लहानशा गावात. या माणसाने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्या संघाला कॉलेजांचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं. लगेच लॉस एंजेलिस लेकर्सनी निरोप धाडला : आमच्याकडे या, सहा वर्षांचे सात कोटी डॉलर देतो. मी सवयीने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. त्या दिवसाच्या भावाने सुमारे पाचशे ऐंशी कोटी रुपये! एवढी शून्यं मी फक्त ऑडिटच्या वेळी बघितली आहेत, आणि तेव्हाही ती चुकून पडलेली होती.

हर्लीने चार-पाच दिवस विचार केला आणि 'नाही' म्हणून कळवलं. पुढच्या महिन्यात त्याने कनेक्टिकटशीच सहा वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे माणूस काही उपाशी राहिला नाही. पण सरळ हिशेबाने दोन कोटी डॉलर त्याने सोडले, हे खरं.

त्या रविवारी आमचे मेहुणे जेवायला आले होते. मेहुण्यांना जगातल्या प्रत्येक पगाराची माहिती असते. ही बातमी ऐकून त्यांनी पुरी खाली ठेवली. "मूर्ख आहे! भाऊजी, माणसाने वर जायला नको? कॉलेजच्या पोरांना जिंकवणं सोपं. खऱ्या लोकांत जाऊन दाखव म्हणावं. नाहीतर हा शुद्ध कूपमंडूकपणा झाला." हे बोलताना ते हर्लीकडे न बघता माझ्याकडे बघत होते. हर्ली तिथे नव्हता हे एक कारण. दुसरं मला माहीत आहे.

तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास चालवला आहे, आणि माझं मत मी ठणकावून सांगतो : जाऊ नये! कॉलेजात जम बसलेल्या कोचने धंदेवाईकांकडे मुळीच जाऊ नये. मेहुण्यांच्या वाक्यातला 'वर' हा शब्दच मला आधी मंजूर नाही. चेंडू तोच. रिंगही दोन्हीकडे जमिनीपासून दहा फुटांवर, एक इंच वर नाही. मग हे 'वर' कुठे आहे, कुणी मोजलं?

कॉलेजचा कोच हा मुळात मास्तर. तो पोरांच्या घरी जातो, बैठकीत बसतो, आईला सांगतो की तुमचा मुलगा माझ्यावर सोपवा. कोणाला घ्यायचं, कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवून शहाणं करायचं, हे तोच ठरवतो. हंगामात तीस-पस्तीस सामने. मधल्या दिवसांत शिकवायला वेळ. युसीएलएचे जॉन वुडन हे तर या जमातीचे पितामह. बारा वर्षांत दहा अजिंक्यपदं, १९६४ ते १९७५. पगार म्हणाल तर कधी वर्षाला पस्तीस हजार डॉलरच्या पलीकडे गेला नाही. हे गृहस्थ पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवत? मोजे कसे घालायचे! सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो.

आता धंदेवाईकांकडे या. तिथे हंगामात ब्याऐंशी सामने. आज इथे, परवा तिथे, मधे विमान. शिकवणार कधी? खेळाडू निवडणार जनरल मॅनेजर. पगारांना कमाल मर्यादा, त्यामुळे मनात आला तो माणूस घेता येत नाही. आणि पगाराचं काय विचारता! हर्लीला वर्षाला एक कोटी सतरा लाख डॉलरच्या आसपास मिळणार होते. त्याच्या हाताखाली खेळणाऱ्या लेब्रॉन जेम्सचा त्या हंगामाचा पगार चार कोटी सत्याऐंशी लाख. चौपटीहून जास्त! माझा पगार मॅनेजरसाहेबांच्या चौपट असता, तर मला "जरा ती फाइल आणा" म्हणायची त्यांची काय टाप होती? मीच त्यांना म्हणालो असतो. पावणेपाच कोटीवाल्याला मोजे घालायला शिकवून बघा एकदा!

मेहुणे म्हणाले, "हे सगळं तोंडी झालं. आकडे?" बँकवाल्याला आकडे मागतात! घ्या.

जेरी टार्केनियन. १९९० साली लास व्हेगासच्या विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून दिलं. १९९२ मध्ये सॅन अँटोनियोला गेले. वीस सामने झाले. नऊ जिंकले, अकरा हरले, घरी. अहो, आमच्याकडे प्रोबेशनसुद्धा सहा महिन्यांचं असतं!

जॉन कॅलिपारी. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून १९९६ साली न्यू जर्सीला. १९९९ च्या हंगामात वीसपैकी सतरा सामने हरल्यावर नारळ.

रिक पिटिनो. १९९६ मध्ये केंटकीचं अजिंक्यपद, १९९७ मध्ये बॉस्टन. त्या वर्षी टिम डंकन नावाचा हिरा सोडतीत होता आणि चिठ्ठी निघायची सर्वांत जास्त शक्यता बॉस्टनची होती. चिठ्ठी निघाली सॅन अँटोनियोची. पिटिनो १०२ सामने जिंकून आणि १४६ हरून २००१ च्या जानेवारीत बाहेर पडले. मधे एकदा वैतागून पत्रकारांना सांगून बसले होते, की जुने दिग्गज आता त्या दारातून आत येणार नाहीत. वर्गातल्या पोरांपुढे मागच्या बॅचचं रडगाणं गाऊ नये, हे ज्या माणसाने कॉलेजात असताना दुसऱ्याला शिकवलं असतं, त्याच्या तोंडून हे यावं!

जॉन बिलाइन. मिशिगनला दोनदा अंतिम सामन्यापर्यंत नेलं. २०१९ साली सहासष्टाव्या वर्षी क्लीव्हलंडला गेले, करार पाच वर्षांचा. चौपन्न सामन्यांनंतर, चाळीस हरून, फेब्रुवारी २०२० मध्ये राजीनामा.

आणि गंमत पुढेच आहे. हाच कॅलिपारी कॉलेजात परतला आणि २०१२ साली केंटकीला अजिंक्यपद देऊन गेला. हाच पिटिनो २०२५ साली, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सला बिग ईस्ट स्पर्धा जिंकून देत होता. म्हणजे मधल्या काळात ही माणसं शिकवायला विसरली नव्हती. समोर शिकायला बसलेलं कुणी नव्हतं, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूचंही खातं उघडतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, क्लार्कने नावे टाकलं आणि जमा लपवलं. कॉलेजचं आणि एनबीएचं अशी दोन्ही अजिंक्यपदं जिंकलेला कोच आजवर एकच, लॅरी ब्राउन : १९८८ साली कॅन्सस, २००४ साली डेट्रॉइट. पण ते कॅन्ससला येण्याआधीच धंदेवाईकांत मुरलेले होते. बिली डोनोव्हनने २००६ आणि २००७ अशी दोन अजिंक्यपदं फ्लोरिडाला दिली आणि ऑर्लँडोच्या करारावर सही केली. चार दिवसांत पश्चात्ताप होऊन परत आला. पाच वर्षं एनबीएत जाणार नाही असं कबूल करावं लागलं. २०१५ मध्ये ओक्लाहोमाला गेला आणि चांगला टिकला, हे मान्य.

आणि ब्रॅड स्टीव्हन्स! हे मेहुण्यांचं हुकमाचं पान. औषध कंपनीतली नोकरी सोडून हा बटलर विद्यापीठात आला, संघाला २०१० आणि २०११ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि २०१३ साली, छत्तिसाव्या वर्षी, बॉस्टनला गेला. आठ हंगाम मान राखून काढले. मेहुणे विजयी मुद्रेने म्हणाले, "आणि २०२४ ला बॉस्टनने अजिंक्यपद जिंकलं!" जिंकलं ना. पण भाऊ, २०२१ सालीच त्याने कोचिंग सोडून संघाच्या कारभाराची खुर्ची घेतली होती. शिट्टी खाली ठेवली तेव्हा कप आला. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय : ते काम कोचचं नाही, कारभाऱ्याचं आहे.

राहिला प्रश्न धाडसाचा. ड्यूक विद्यापीठाच्या माइक शशेफ्स्कींना २००४ साली याच लेकर्सनी पाच वर्षांचे चार कोटी डॉलर देऊ केले होते. (हे आडनाव इंग्रजीत 'के'ने सुरू होतं आणि 'श'ने उच्चारतात. आमच्या काउंटरवर हा चेक मी सही जुळत नाही म्हणून परतच केला असता.) ते गेले नाहीत. भित्रे होते म्हणाल, तर याच माणसाने २००८, २०१२ आणि २०१६ अशा तीन ऑलिंपिकांत त्याच कोट्यधीशांना घेऊन सुवर्णपदकं आणली. पाहुणे म्हणून सांभाळले, सून म्हणून घरात आणले नाहीत. आणि ड्यूकमधल्या पहिल्या तीन हंगामांत ते ३८ सामने जिंकले होते आणि ४७ हरले होते. विद्यापीठाने दम धरला. पुढे पाच अजिंक्यपदं आली. टार्केनियनना मिळाले होते वीस सामने.

मेहुण्यांचा शेवटचा बाण : "आता कॉलेजची पोरंसुद्धा पैसे घेतात, मास्तर कसला नि विद्यार्थी कसला!" हे खरं आहे. २०२१ पासून पोरांना आपल्या नावाचे पैसे घेता येतात, २०२५ पासून विद्यापीठंही थेट देतात, आणि नाराज पोरगा सरळ दुसऱ्या कॉलेजात नाव घालतो. पण मग तर प्रश्नच मिटला! तळमजल्यावरही बाजारच भरत असेल, तर जिने चढून वरच्या बाजारात कशाला जायचं? निदान इथे समोरचा अठरा वर्षांचा असतो. त्याला अजून मोज्यांचं सांगता येतं.

हर्लीच्या घरातच याचं उत्तर होतं. त्याचे वडील बॉब हर्ली न्यू जर्सीत प्रोबेशन ऑफिसर होते आणि जर्सी सिटीतल्या सेंट अँथनी या लहानशा शाळेला शिकवत. कॉलेजांची बोलावणी आली, गेले नाहीत. १९७२ पासून २०१७ साली शाळा बंद पडेपर्यंत तिथेच राहिले आणि हजाराहून अधिक सामने जिंकले. 'वर' न गेलेल्या या शाळामास्तरांना २०१० साली नेस्मिथ यांच्या नावाच्या राष्ट्रीय सन्मानदालनात मानाने बसवलं. हे नेस्मिथ म्हणजे १८९१ साली या खेळाचा शोध लावणारे मास्तर. कॅन्सस विद्यापीठाच्या सगळ्या कोचांत जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेले तेच एकटे. खेळ काढणाऱ्याची ही कथा, तर 'सिद्ध करून दाखवा' कुणी कुणाला म्हणायचं!

मेहुणे गप्प झाले. मी विजयाने ताकाची वाटी उचलली. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पण तो दोनदा कप जिंकून मग नाही म्हणाला. तुम्ही काय जिंकलं होतंत?"

ताक तसंच राहिलं. खरं सांगायचं तर माझे दोन नकार एकसारखे नव्हते. पहिल्यांदा ऑफिसरची बढती आली तेव्हा मला काउंटर मनापासून आवडत होता. नवी पोरं हाताखाली येत, त्यांना शिकवण्यात दिवस जाई. दुसऱ्यांदा आली तेव्हा मला बदलीची भीती वाटली. परकं गाव, परकी माणसं, आपल्याला जमेल का? कागदावर दोन्हींची मी एकच ओळ लिहिली : 'घरगुती अडचणींमुळे.' बाहेरून दोन्ही नकार सारखे दिसतात. आतला फरक ज्याचा त्याला ठाऊक. म्हणून हर्लीच्या नकाराचा मला राग येत नाही, हेवा वाटतो. तो पहिल्या जातीचा होता. दुसऱ्या जातीचा नकार देणाऱ्याला मेहुण्यांनी खुशाल कूपमंडूक म्हणावं. मी पुरी वाढीन.

सोमवारी बँकेत नोटा मोजायचं मशीन बंद पडलं. नव्याने लागलेली मुलगी बावरली. मी तिला बंडल कसं धरायचं, अंगठा कुठे ठेवायचा, ते दाखवलं. तिने शंभर नोटा मोजल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, बरोबर आहेत."

मी म्हटलं, "पुन्हा मोज."